बारावीला तालुक्याचं कॉलेज सोडून लातूरला जावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: धाराशिव जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला आहेस, एमबीबीएस करायचंय. काका म्हणतात बारावीला लातूरला नाव घाल, मावशी म्हणते थेट राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला जा. कॉलेज बदललं तर मेडिकलला नंबर लागायची शक्यता वाढेल का?

मी अशाच एका गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. माझ्या वर्गातल्या मुलींच्या वयाची आहेस, म्हणून तू म्हणतो. माझं मत स्पष्ट आहे: फक्त बारावीसाठी कॉलेज बदलू नकोस. याला एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

आधी कोट्याचं बघू, कारण तिथे धोका सगळ्यात मोठा आहे आणि तो घरात कुणी बोलत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय हिश्श्यातून भरतात, ८५ टक्के राज्याच्या. महाराष्ट्राच्या या ८५ टक्क्यांत बसायला डोमिसाइल (महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचा दाखला) तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास झालेली असावी लागते. बारावीचा फॉर्म राजस्थानातल्या शाळेतून भरलास तर इथला हक्क गेला. आणि केवळ तिथे परीक्षा दिली म्हणून राजस्थानच्या जागांवर हक्क मिळतो असंही नाही. कोट्याला शिकायला गेलेल्या पुष्कळ मुलांचं नाव गावाकडच्या कॉलेजात असतं ते याचसाठी. पण मग इथली हजेरी, प्रॅक्टिकल आणि जर्नल यांचं काय करायचं? बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. खोट्या हजेरीच्या भरवशावर बारावी काढायचा सल्ला मी कुठल्याच विद्यार्थ्याला देणार नाही.

लातूरला हा धोका नाही. राज्याच्या आत बारावी कुठल्या जिल्ह्यातून केली याला मेडिकलसाठी आता महत्त्व उरलेलं नाही. पूर्वी ७०:३० होतं, म्हणजे विभागातल्या ७० टक्के जागा त्याच विभागातून बारावी झालेल्यांना. २०२० साली ते रद्द झालं. नातेवाईक अजून त्या जुन्या हिशोबाने 'मराठवाडा सोडू नकोस' वगैरे सांगत असतील तर ते मनावर घेऊ नकोस.

राहिला प्रश्न लातूरच्या निकालांचा. लातूर पॅटर्नने, म्हणजे तिथल्या कसून तयारी करून घेण्याच्या पद्धतीने, खेड्यापाड्यांतली किती मुलं डॉक्टर केली हे आम्ही मराठवाड्यातले लोक जवळून बघतो, आणि मला त्या शहराबद्दल मनापासून आदर आहे. शाहू किंवा दयानंदसारखी कॉलेजं नावाला जागतात. पण निकाल वाचताना एवढं लक्षात ठेव की तिथे अकरावीला प्रवेश मिळवणारी बरीच मुलं दहावीलाच ९५ टक्क्यांच्या आसपास असतात. त्यांच्या यशात कॉलेजचा वाटा किती आणि मुलांचा स्वतःचा किती, हे फ्लेक्सवरून कळत नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात, म्हणजे क्लासेसच्या भागात, चौकशीला गेलीस तर किती निवडले गेले हे सगळेच सांगतील. एकूण किती बसले होते, ते विचार. दुसरं असं की बहुतेक मोठ्या क्लासमध्ये चाचणीच्या गुणांवर बॅच ठरते आणि सगळ्यात चांगले सर वरच्या बॅचला मिळतात. मधूनच आलेली मुलगी कुठल्या बॅचमध्ये बसेल, हे पैसे भरण्याआधी स्पष्ट करून घ्यायला हवं.

मेडिकलच्या यादीत कॉलेजचं नाव कुठेच मोजलं जात नाही. नीट या देशपातळीवरच्या मेडिकल प्रवेश परीक्षेचे ७२० पैकी गुण, त्यावरची रँक आणि तुझा प्रवर्ग, हेच मुख्यतः बघतात. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४०, हे फक्त पात्रतेपुरते. म्हणजे बदलाचा फायदा एकाच वाटेने येऊ शकतो: रोजचा अभ्यास सुधारला तर. आणि बारावीच्या वर्षात तो सुधारण्याआधी बराच काळ बिघडतो. बारावीला कॉलेज बदलायला शिक्षण खात्याची परवानगी लागते, सबळ कारण द्यावं लागतं. दाखला, विषय जुळवणं, खोली, मेस, पाण्याची सवय, यात जून-जुलै निघून जातात. फेब्रुवारीत बोर्ड, मे महिन्यात नीट. त्यात पहिल्यांदाच घराबाहेर राहणाऱ्या मुलीला आठवण येते, जेवण जात नाही. शिकवताना मी हे इतक्यांदा पाहिलंय की ती किरकोळ गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही.

आता अपवाद. तुझ्या कॉलेजात फिजिक्स, केमिस्ट्री किंवा बायोलॉजीच्या शिक्षकाची जागा रिकामी असेल, तासच होत नसतील, प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप असेल, तर खुशाल बदल. ग्रामीण भागात हे घडतं आणि त्याची शिक्षा मुलांनी का भोगावी? तशा वेळी लातूरच पाहिजे असं नाही. जिथे तिन्ही विषयांचे तास नियमित होतात आणि घरून एसटीने ये-जा जमते असं जवळचं कॉलेज आधी बघ.

तास होत असतील तर मी तुझ्या जागी असतो तर असं केलं असतं: एनसीईआरटीची (केंद्राच्या अभ्यासक्रमाची) अकरावीची पुस्तकं आत्ताच हातात घेतली असती. नीट त्यावर बेतलेली आहे, आणि आपल्या बोर्डाच्या पुस्तकापेक्षा मांडणी वेगळी आहे. अर्धा पेपर अकरावीचा असतो हे विसरून मुलं अकरावी 'आरामाची' समजतात आणि तिथेच मागे पडतात. १८० प्रश्नांतले ९० बायोलॉजीचे, म्हणजे ३६० गुण. ते घरी बसून, ओळ न ओळ वाचून तयार होतात, त्यासाठी शहर लागत नाही. फिजिक्सला मात्र माणूस लागतो. गणितं अडली की सोडवून दाखवणारा एक तरी शिक्षक धर, तुमच्या कॉलेजातला असला तरी चालेल. तास संपल्यावर वही घेऊन थांबणाऱ्या मुलीला नाही म्हणणारा शिक्षक मला तरी भेटलेला नाही.

लातूरची हवा बघायचीच असेल तर अकरावीची परीक्षा झाल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथला एखादा छोटा कोर्स कर. हॉस्टेल मानवतं का, स्वतःच्या वेळेवर ताबा राहतो का, ते दाखला न हलवता कळेल.

आणखी एक रस्ता घरच्यांसमोर नक्की ठेव. बारावी इथूनच कर, नीट दे. गुण कटऑफच्या जवळ आले पण नंबर लागला नाही, तर एक वर्ष लातूरला रिपीटर बॅचला, म्हणजे नीट पुन्हा देणाऱ्यांच्या वर्गाला, जा. तेव्हा हजेरी, प्रॅक्टिकल, बोर्ड काहीच मागे नसतं, परवानगीची गरज नसते, आणि नेमकं काय कच्चं आहे हे तुला माहीत असतं. नीट किती वेळा द्यावी यावर बंधन नाही. वडिलांना खर्च एकदाच करता येणार असेल, तर तो बारावीच्या घाईत करण्यापेक्षा त्या वर्षासाठी राखून ठेवलेला बरा.

अनुसूचित जातीत येत असशील आणि बाहेरगावी जावंच लागलं, तर समाजकल्याणच्या वसतिगृहाची आणि तिथे जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाला पैसे देणाऱ्या स्वाधार योजनेची चौकशी आधी कर. आणि कुठल्याही क्लासला पैसे भरताना वडिलांना पक्की पावती घ्यायला सांग. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कोर्स मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत मिळायला हवी, पण हातात पावतीच नसेल तर मागणार कशाच्या आधारावर?