लिनक्स जरूर वापरून बघा, पण फायली आधी मेलमधून बाहेर काढा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: विंडोज १०वाला जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचंय. कामाच्या सगळ्या फायली तुम्ही वेळोवेळी स्वतःलाच जीमेल करून ठेवल्यात, तर आता डिस्क पुसायला हरकत नाही ना?

हरकत आहे. लिनक्सची काळजी नाही, काळजी आहे त्या मेलांची.

आधी लिनक्सचं सांगतो. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे तुमचा विचार रास्तच आहे. पण नुसतं बघण्यासाठी काहीच पुसावं लागत नाही. मिंटची आयएसओ (म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली एक फाइल) उतरवून घ्या, ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर रुफस या मोफत सॉफ्टवेअरने लिहा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या बूट मेनूची की कुठे एफ१२ असते, कुठे एफ९, कुठे एस्केप. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटची एक्सएफसीई ही आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत डिस्क आहे तशी राहते. मग शांतपणे तपासा: वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, प्रिंटर सापडतोय का. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं सावकाश चालतं, त्यावरून लिनक्सचा वेग ठरवू नका.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडआधीच्या फॉन्टमधल्या जुन्या फायली. लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमध्ये वर्ड-एक्सेलच्या जागी असतं ते) त्या उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते, तो फॉन्ट तिथे नसतो. म्हणून विंडोज आहे तोवर फॉन्टच्या फायलीही कॉपी करून घ्या.

आता मेल. ही सवय कशी लागली ते मला समजतं. १ एप्रिल २००४ला जीमेल आलं तेच १ जीबी जागा घेऊन, आणि तेव्हा हॉटमेल २ एमबी देत होतं. लोकांना ती जागा इतकी मोठी वाटली, की रिचर्ड जोन्स यांनी त्याच वर्षी जीमेलएफएस हे सॉफ्टवेअर लिहिलं. त्यामुळे लिनक्सवर जीमेलचा डबा चक्क डिस्कसारखा जोडता यायचा. कल्पना सुंदर होती, पण गूगलने त्यासाठी अधिकृत सोय दिलेली नव्हती.

मेलची जात निरोपाची आहे. जोडलेली फाइल बेस६४मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, बदलून जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. २५ एमबीची मर्यादा ओलांडली की जीमेल ती फाइल ड्राइव्हवर चढवतं आणि मेलमध्ये फक्त लिंक ठेवतं. कधीतरी जागा मोकळी करताना ड्राइव्हवरची ती फाइल उडवली असेल, तर मेल दिसेल, विषय दिसेल, फाइल मात्र मिळणार नाही. तुमच्या मोठ्या फायली नेमक्या अशाच गेल्या असणार, म्हणून आधी त्या उघडून बघा. शिवाय १५ जीबी ही मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. ती भरली की नवे मेल येणं बंद होतं, आणि बँकेचं किंवा नोकरीचं पत्र परत जातं. एखादा फॉर्म पटकन मोबाइलवर घ्यायला स्वतःला मेल करणं ठीक आहे, मीही करतो. पण एकमेव प्रत तिथे ठेवू नये.

तेव्हा क्रम असा ठेवा. गूगल टेकआउटमधून (आपला सगळा डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) मेल आणि ड्राइव्ह दोन्ही मागवा. मेल एमबॉक्स स्वरूपात, म्हणजे एकाच मोठ्या फाइलमध्ये सगळे, येतात आणि जोडलेल्या फायली त्यांच्या पोटातच असतात, म्हणून कामाच्या फायली मेल उघडून वेगळ्याही उतरवा. त्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका, लॅपटॉपवरचं डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपही त्यातच घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मग पेनड्राइव्हवरच्या मिंटमधून ती हार्ड डिस्क उघडा आणि दहा-बारा फायली खरंच उघडतात का बघा. त्या उघडल्या की इन्स्टॉल करा.

मिंट बसल्यावर ड्राइव्ह वापरायचं असेल तर गूगलचं स्वतःचं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी नाही, पण आरक्लोन हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम चालतं. कुठे अडलात तर लॅपटॉपचं मॉडेल इथेच लिहा, मी बघतो.