अपडेटचं बटण दाबायच्या आधी

मॉड केलेल्या, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून हवं ते सॉफ्टवेअर चालवणाऱ्या गेम कन्सोलवर लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार 'बिनधास्त अपडेट मार' म्हणाला ना? त्याचं काय जातंय, मित्रा! २०१८ च्या मध्याआधी बनलेल्या निन्टेंडो स्विचमधली, मॉड करू देणारी खोट चिपच्या बूटरॉममध्येच (कन्सोल सुरू होताना चालणाऱ्या, कारखान्यातच कायमच्या कोरलेल्या कोडमध्ये) आहे, ती कुठल्याही अपडेटने बुजत नाही. पण मोठ्या अपडेटमध्ये चिपमधले फ्यूज (आवृत्तीची नोंद ठेवणाऱ्या, एकदाच जळणाऱ्या खुणा) जळतात, मग जुन्या आवृत्तीवर परतणं कटकटीचं. प्लेस्टेशन ४ (पीएस४) चं उलट. तिथे सगळा खेळ फर्मवेअरच्या (कन्सोलच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) आवृत्तीवर, चुकून अपडेट झालं की मॉड गेलं. ऑनलाइन बंदी, म्हणजे कंपनीने नेटवर खेळायलाच मनाई करणं, आणखी वेगळी, २००९ मध्ये मॉड केलेल्या एक्सबॉक्स ३६० वाल्यांनी ती भोगलीय.

आज घरी गेलास की ऑटो-अपडेट बंद कर. स्विच असेल तर आधी नँडचा (आतल्या साठवणीच्या चिपचा) बॅकअप. मी ऑटो-अपडेट 'उद्या बंद करू' म्हटलं, वायफाय चालू ठेवून दादरला गेलो, आणि परत येईपर्यंत पीएस४ ने स्वतःच कार्यभाग उरकला होता.