ठिसूळ हाडांच्या आजारात कानाचं ऑपरेशन करावं का?

दारव्ह्याजवळच्या खेड्यातून विचारलंय, की भावाची हाडं लहानपणापासून मोडतात, आता तिशीत ऐकू कमी येतं, ऑपरेशन करावं का?

करता येतं, पण आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टात, म्हणजे या ठिसूळ हाडांच्या आजारात, बहिरेपण बहुधा विशी ते चाळिशीतच सुरू होतं. कानातलं सगळ्यात छोटं हाड, स्टेपीज, घट्ट बसलं किंवा त्याचे पाय मोडले असतील, तर तिथं पिस्टन, म्हणजे बारीक कृत्रिम दांडी, बसवतात आणि चांगला फरक पडू शकतो. आतल्या कानातच दोष असेल तर हे ऑपरेशन कामाचं नाही. मग कानाचं मशीन, ऐकणं फारच गेलं असेल तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र.

खरी गोम पुढं आहे. पिस्टनची तार शेजारच्या हाडाला आवळताना तेच मोडू शकतं, रक्तही जास्त येतं. म्हणून अशा केसेस केलेलाच सर्जन हवा. सेवाग्राम किंवा नागपूर मेडिकलच्या ईएनटी ओपीडीत विचारा, जुने एक्स-रे न्या. हाडं ठिसूळ आहेत, मान जपून वळवा, असं भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. एसटीत मागच्या सीटवर मात्र बसवू नका; आपल्या रस्त्यांवर धडधाकट माणसाची कंबर जाते!

मी असतो तर आधी काही महिने मशीनच लावून पाहिलं असतं.