नेमबाजी शंकासमाधान : मॅगझिनचं बटण अडकतं तेव्हा

प्रश्न : मुलगी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते. पाऊस लागल्यापासून मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) सोडायचं बटण दाबलं की आतच बसून राहतं. मॅगझिन ओढून काढावं लागतं. शिलाई मशीनचं तेल सोडलं की दोन दिवस बरं चालतं, मग आधीपेक्षा जास्त अडकतं. काय करावं?
– एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आधी तेल सोडणं थांबवा, दुखणं त्यानेच वाढतंय. या पिस्तुलाच्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची) शिशाच्या गोळीवर मेण किंवा ग्रीस असतं. ते, दारूची काजळी आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ तेलात कालवली गेली की काळा चिखल होतो. नवं तेल तो पातळ करून बटणाच्या दांडीपाशी आणखी आत नेतं, म्हणून दोन दिवस बरं वाटतं.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅगझिन काढा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघा आणि सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची रंगीत खूण) घाला. आता मॅगझिन न लावता बटण दाबा. ते झटकन परत येत नसेल तर दोष बटणात, स्प्रिंगमध्ये किंवा मुठीत. बटण मोकळं आहे पण मॅगझिन सुटत नाही, तर दोष मॅगझिनचा.

पावसाळ्यात माझा पहिला संशय लाकडी मुठीवर. लाकूड ओल पिऊन फुगतं आणि बटणाला घासतं. मूठ उतरवून बटण दाबून बघा. सुरळीत चाललं तर चोर सापडला. बटणाच्या कडेला खडू लावा, मूठ बसवा, चार-पाच वेळा दाबा. लाकडावर खडू उमटेल तिथेच २४० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडं थोडं घासा आणि उघड्या लाकडाला तेलाचा हात द्या, नाहीतर ते पुन्हा ओल धरेल.

मूठ उतरवूनही अडकलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये नायलॉनचा ब्रश बुडवून दांडीभोवती फिरवा, बटण वीस-तीस वेळा दाबा, कापसाच्या काडीने टिपा. काडी पांढरी निघेपर्यंत हेच करा. थिनर नको, प्लॅस्टिक आणि मुठीचं पॉलिश जातं. पूर्ण वाळल्यावर सुईच्या टोकावर मावेल एवढंच गन ऑइल लावून पुसून घ्या. खोबरेल तर कधीच नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि नागपुरात जानेवारीची सकाळ त्याहून बरीच गार असते.

एवढं करूनही बटण परत येत नसेल तर स्प्रिंग थकली आहे. ती ताणून किंवा कापून वापरू नका. परवानाधारक आर्मररकडून (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडून) कंपनीचीच नवी बसवून घ्या. कॅचलाही (मॅगझिन धरून ठेवणाऱ्या खिट्टीलाही) कानस लावू नका. ती जास्त घासली गेली तर मॅगझिन गोळ्यांच्या मालिकेच्या मध्येच गळून पडेल.

प्रश्न : बटण मोकळं आहे, पण तीनपैकी एकच मॅगझिन अडकतं.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मॅगझिनवर मार्करने आकडे टाका आणि दोषी मॅगझिन बाजूला काढा. कॅच बसते त्या खाचेची कड उजेडात तिरपी धरून बघा. तिथे चकचकीत उंचवटा दिसला तर धातू दबून वर आला आहे. फरशीवर पडून अंग चेपलं असेल तरी हेच होतं. चेपलेलं मॅगझिन ठोकून सरळ करू नका, बदला. मात्र काही पिस्तुलांत मॅगझिन आपोआप खाली पडत नाही, थोडं सरकतं आणि हाताने काढावं लागतं. तुमची तिन्ही मॅगझिन तशीच वागत असतील तर तो दोष नाही.