न मोजता कळणं म्हणजे अंदाजपंचे नव्हे

समोर किती वस्तू आहेत हे न मोजता मेंदूला कसं कळतं, आणि तुम्हाला पाच वस्तूसुद्धा मोजाव्या लागतात म्हणजे तुमच्यात काही कमी आहे का, असं तुम्ही विचारलंय. काहीही कमी नाही. पाचाला भलेभले अडखळतात. विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७१ साली स्वतःवरच प्रयोग केला होता. डबीत घेवड्याचे दाणे टाकायचे, एक नजर टाकायची आणि आकडा सांगायचा. असं त्याने हजाराहून जास्त वेळा केलं. तीन-चार दाण्यांना तो एकदाही चुकला नाही, पाचाला मात्र चुकू लागला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचे. मूठभर चिंचोके जमिनीवर टाकायचे, लगेच पाटीने झाकायचे आणि विचारायचं, किती? मुलं या खेळावर तुटून पडायची. एक मुलगी होती, घरी मेंढरं. ती पाटी पडायच्या आत म्हणायची, "सात. हितं चार नि तितं तीन." एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर तिने हेच सांगितलं. साहेब म्हणाले, "बोट ठेवून मोज." ती म्हणाली, "दिसत्यात की." तरी तिने मोजले. सातच भरले. आणि शेरेबुकात काय आलं? "मुले अंदाजाने उत्तरे देतात. मोजण्याचा सराव घ्यावा."

मी तिथल्या तिथे म्हटलं, साहेब, तिने सात चार आणि तीनमध्ये फोडले, हीच बेरीज आहे. बोट ठेवून एक-दोन-तीन म्हणणाऱ्या पोराला ती अजून जमलेली नाही. साहेबांचं एकच उत्तर, गणितात अंदाज चालत नाही. माझ्या मते अंदाज नसेल तर गणितच चालत नाही. २९ गुणिले ३१ चं उत्तर ८९ आलं तरी ज्याला खटकत नाही, त्याची रीत पाठ असून काय उपयोग?

असो, मेंदूकडे वळते. चारपर्यंतची संख्या आणि त्याहून मोठी संख्या मेंदू वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळतो. जर्मनीत बॉनला अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी इलेक्ट्रोड बसवलेले असताना पडद्यावर ठिपके दाखवून एकेका पेशीची नोंद घेतली गेली. ते निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ठरावीक संख्येला प्रतिसाद देणाऱ्या पेशी होत्या. चारपर्यंतच्या संख्यांना त्यांचा प्रतिसाद नेमका होता, त्यापुढे तो शेजारच्या आकड्यांवर सांडत होता.

मोठ्या संख्येत फरक किती यापेक्षा प्रमाण काय हे महत्त्वाचं. १० आणि २० लगेच वेगळे कळतात, ९० आणि १०० कळत नाहीत. सहा महिन्यांच्या बाळांनाही ८ आणि १६ ठिपक्यांतला फरक जाणवतो, ८ आणि १२ मधला नाही. बोलता येत नाही त्या वयातली ही जाण, आणि आमचे साहेब म्हणे सराव घ्या!

तुम्हाला पाच-सहा झटकन ओळखायचे असतील तर गट पाहायची सवय लावा. फाशावरचा पाच कोणी मोजत नाही. घरात लहान मूल असेल तर चिंचोके, शेंगदाणे, काहीही घ्या, क्षणभर दाखवा, झाका, आणि उत्तराबरोबर "कसं दिसलं?" हेही विचारा. बरोबर-चूक नंतर. शिक्षक असाल आणि असा शेरा आला, तर त्याखाली आपलं म्हणणं लिहून सही करा.

यामुळे मोजणं सुटतं असं नाही, ते यायलाच हवं. ही जाण तीक्ष्ण असलेली मुलं गणितात पुढे असतात असं काही अभ्यासांत दिसलंय, पण सरावाने ती वाढवली की गणितही सुधारतं का, यावर संशोधकांत एकमत नाही. आणि शाळेत जायला लागलेल्या मुलाला दोन-तीन वस्तूही नेहमी एकेक करूनच मोजाव्या लागत असतील, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातल्या अडचणीची, तपासणी करून घ्या. अशा मुलाला मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवणाऱ्यांशीही माझं भांडण आहे.