ऑर्गनोमेटॅलिक आवडतं, पण पीएचडी लॅबमध्ये करावी की कॉम्प्युटेशनलमध्ये? दोन्ही जमतं का?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीत ऑर्गनोमेटॅलिकचा (धातू आणि कार्बन यांच्यातल्या बंधांच्या रसायनशास्त्राचा) पेपर सगळ्यात जास्त आवडला, आता श्लेंक लाइनवर (हवा लागू न देता अभिक्रिया करायच्या काचेच्या मांडणीवर) काम करणारा गट निवडावा की संगणकावर कॅल्क्युलेशन करणारा, हे ठरत नाही. आणि दोन्हीत हात घालणारा धड कुठलाच राहत नाही, असं सीनियर सांगतात, ते खरं का, हेही विचारलंय.

माझी पीएचडी ग्लोव्ह बॉक्ससमोर, म्हणजे हवाबंद पेटीत हातमोज्यांतून काम करत, झाली. पोस्ट-डॉकला मी पूर्णपणे कॅल्क्युलेशनकडे वळले आणि आज माझ्या गटात दोन्ही चालतं. त्यामुळे जमतं का, याचं उत्तर हो असंच आहे. पण त्यासाठी एक सवय लावून घ्यावी लागते: कॅल्क्युलेशनचा निष्कर्ष असा मांडायचा की फ्लास्कला त्यावर ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. ही सवय मला लागली ती एका चुकीमुळे, म्हणून आधी तीच सांगते.

पोस्ट-डॉकच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे रुथेनियमचं एक कॉम्प्लेक्स आलं. उत्प्रेरक म्हणून ते उत्तम चालायचं, पण सुरुवात कशी होते ते कळत नव्हतं. अंदाज असा होता की आधी धातूला चिकटलेलं एक फॉस्फिन (फॉस्फरसचा रेणू) सुटतं, धातूवर जागा रिकामी होते आणि तिथे अल्कीन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेला रेणू) येऊन बसतं. मी बी3एलवायपी ही इलेक्ट्रॉनांचं गणित करायची नेहमीची पद्धत वापरून हा मार्ग काढला. ट्रान्झिशन स्टेट (वाटेतला ऊर्जेचा सर्वात उंच टप्पा) सापडली, तिची एकच काल्पनिक वारंवारता होती (खऱ्या ट्रान्झिशन स्टेटची ही खूण), रेणू दोन्ही बाजूंना जिथे उतरायला हवेत तिथे नीट उतरत होते. अडथळा, म्हणजे तिथवर चढायला लागणारी ऊर्जा, आला 15 किलोकॅलरी प्रति मोल. अडथळ्यावरून वेग काढणाऱ्या आयरिंगच्या समीकरणात हा आकडा घातला की खोलीच्या तापमानाला प्रत्येक रेणूतून फॉस्फिन सेकंदाला साधारण 60 वेळा सुटायला हवं. मी आनंदाने आलेख काढून गटाच्या बैठकीत दाखवला.

लॅबमधल्या सहकाऱ्याने काही न बोलता फॉस्फरस-31 एनएमआरचा (वेगवेगळ्या परिसरातले फॉस्फरस वेगळ्या रेषांनी दाखवणाऱ्या मोजणीचा) कागद पुढे केला. कॉम्प्लेक्समध्ये वरून मोकळं फॉस्फिन घातलं होतं, दोन रेषा होत्या, एक धातूवरच्या फॉस्फिनची आणि एक मोकळ्याची, आणि दोन्ही सुईसारख्या टोकदार. सेकंदाला 60 वेळा अदलाबदल होत असती तर त्या रेषा पसरलेल्या दिसल्या असत्या. शिवाय अभिक्रिया 60 अंशांपर्यंत तापवल्याशिवाय हलतच नव्हती. मी तीन आठवडे त्याच्या नमुन्यात खोट शोधत होते. खोट माझ्या आकड्यात होती.

बी3एलवायपीला लंडन डिस्पर्शन दिसत नाही. म्हणजे शेजारी शेजारी आलेली दोन फिनाइल वलयं एकमेकांना जे हलकं आकर्षण दाखवतात, ते त्याच्या हिशेबात नसतं. एका वलयाच्या जोडीपुरतं ते क्षुल्लक वाटतं. पण माझ्या रेणूत फॉस्फिनवरची वलयं समोरच्या लिगंडच्या (धातूला चिकटलेल्या दुसऱ्या रेणूच्या) वलयांना अनेक ठिकाणी टेकून बसली होती आणि फॉस्फिन सुटताना हे सगळं एकदम तुटायचं. पूर्वी संगणकाचा वेळ वाचवायला लोक ट्रायफिनाइलफॉस्फिनच्या जागी नुसतं पीएच3 ठेवून गणित करायचे. मी पूर्ण लिगंड ठेवलं म्हणून निर्धास्त होते, पण पद्धतीलाच आकर्षण दिसत नसेल तर पूर्ण लिगंड ठेवून उपयोग काय! ग्रिम यांनी 2010 मध्ये दिलेली डी3 ही दुरुस्ती लावली आणि द्रावकाचा परिणाम धरला (द्रावकाचे रेणूही वलयांना चिकटतात, त्यामुळे नुसती दुरुस्ती लावली तर आकडा जास्त येतो), तेव्हा अडथळा 25 च्या आसपास गेला.

15 आणि 25 मध्ये फरक किती? खोलीच्या तापमानाला दर 1.4 किलोकॅलरीला वेग दहापट बदलतो. दहा किलोकॅलरींनी तो सुमारे दोन कोटी पट बदलतो. 25 चा अडथळा असेल तर खोलीच्या तापमानाला अर्ध्या रेणूंतून फॉस्फिन सुटायला पावणेतीन दिवस लागतात, 60 अंशांना पाऊण तास. सहकाऱ्याच्या वहीतल्या वेळांशी हे जुळत होतं.

पण जुळलं म्हणून थांबलो नाही, आणि तुम्हाला सांगायची गोष्ट इथूनच सुरू होते. उत्तर आधी माहीत असताना दुरुस्त्या करत गेलं की आकडा कधीतरी जुळतोच. म्हणून नवा प्रयोग होण्याआधी मी दोन भाकितं तारीख घालून वहीत लिहिली. पहिलं, जादा फॉस्फिन घातलं तर वेग कमी व्हायला हवा, कारण रिकाम्या जागेसाठी अल्कीन आणि फॉस्फिन यांच्यात चढाओढ लागेल. दुसरं, वेगवेगळ्या तापमानांना वेग मोजून आयरिंग आलेख काढला तर एन्ट्रॉपीचा आकडा धन यायला हवा, कारण एकाचे दोन तुकडे होताहेत. यातलं एक जरी उलट आलं असतं तर माझा मार्ग रद्द. दोन्ही बरोबर आली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण संगणकावर रसायनशास्त्र केलं.

या विषयाच्या इतिहासातही ही जोडी फार सुंदर दिसते. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 1984 चं आहे. तोपर्यंत समज असा होता की हायड्रोजनचा रेणू धातूवर आला की तुटतो आणि दोन वेगळे हायड्राइड (धातूला एकेकटे जोडलेले हायड्रोजन) होतात. लॉस अलामॉसमध्ये ग्रेगरी कुबास यांनी टंगस्टनचं असं कॉम्प्लेक्स दाखवलं ज्यात हायड्रोजन अखंड रेणू म्हणूनच धातूला आडवा चिकटलेला होता. मोकळ्या रेणूत दोन हायड्रोजनमधलं अंतर 0.74 अँगस्ट्रॉम असतं, न्यूट्रॉन विवर्तनातून इथे ते 0.82 च्या जवळ आलं. बंध ताणला होता, तुटला नव्हता. एका हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातलं तर एनएमआरमधलं कपलिंग (दोन अणू बंधाने किती जोडलेले आहेत याची खूण) 33.5 हर्ट्झ, मोकळ्या एचडी (हायड्रोजन-ड्युटेरियम) रेणूत ते 43. बंध तुटलेला असता तर ते जेमतेम एक-दोन हर्ट्झ उरलं असतं. आणि त्याच संस्थेत जेफ्री हेय यांनी त्याच वर्षी गणिताने दाखवलं की ही रचना स्थिर का राहते: हायड्रोजनचा बंध आपले इलेक्ट्रॉन धातूकडे देतो आणि धातू थोडे परत त्याच्या प्रतिबंधी (इलेक्ट्रॉन आले की बंध सैल करणाऱ्या) ऑर्बिटलमध्ये ढकलतो. परत ढकलणं वाढलं की बंध तुटतो. कल्पना तीच, जी ड्यूअर यांनी 1951 मध्ये आणि चॅट व डंकनसन यांनी 1953 मध्ये धातूवरच्या अल्कीनसाठी मांडली होती. झाइजचं प्लॅटिनमचं मीठ 1827 पासून बाटलीत होतं, त्यातलं इथिलीन धातूला कसं धरून आहे हे समजायला सव्वाशे वर्षं लागली.

आता तुमच्या सीनियरचं म्हणणं. त्यात एक भाग खरा आहे: वेळ जास्त लागतो. सिंथेसिसवाले परीक्षक स्फटिक मागतात, थिअरीवाले दुसऱ्या पद्धतीने तेच गणित मागतात आणि दोन्ही मागण्या रास्त असतात. माझे सुरुवातीचे पेपर बरोबरच्यांपेक्षा उशिरा आले आणि नोकरीच्या मुलाखतींत ते जाणवलं. पण ‘कुठलाच राहत नाही’ हे मला पटत नाही. थिअरीवाले रोआल्ड हॉफमन यांना 1981 चं रसायनशास्त्राचं नोबेल फुकुई यांच्याबरोबर मिळालं. त्यांची एक्स्टेंडेड ह्युकेल पद्धत ऊर्जेचे आकडे अचूक देणारी नव्हती. तरी मेथिलचा तुकडा आणि मँगनीजचा पाच कार्बोनिल असलेला तुकडा एकाच आकाराचं ऑर्बिटल पुढे करतात, हे त्यांनी दाखवलं आणि फ्लास्कवाल्यांना नवे रेणू सुचू लागले. लॅबमधल्या माणसाला कुठला प्रश्न अडतोय हे कळण्यातच यातलं बरंचसं काम असतं.

म्हणून माझा सल्ला असा. पहिलं वर्ष-दीड वर्ष हाताने काम करता येईल असा गट बघा, मग भले पीएचडी कॅल्क्युलेशनची असो. हवा लागून काळं पडलेलं कॉम्प्लेक्स ज्याने फेकलंय, त्याला गणितात ‘पाण्याचा एक रेणू आत शिरला तर?’ हा प्रश्न आपोआप पडतो. लिनक्स आणि पायथन चार-सहा महिन्यांत येतात, त्यांची धास्ती नको. ग्रुप थिअरी आणि स्टॅटिस्टिकल थर्मोडायनॅमिक्स मात्र आताच पक्कं करा, नंतर वेळ मिळत नाही. मशीन लर्निंगबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. रेणूचे शेकडो आकार पटापट चाळायला ते आम्हीही वापरतो. पण ज्या धातूची उदाहरणं त्याला शिकवताना दिलेलीच नाहीत, तिथे मी त्याच्यावर विसंबत नाही.

आणि प्रवेश घेण्याआधी एक करून बघा. एमएस्सी प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः केलेली एखादी अभिक्रिया घ्या, ऑर्कासारखं शिक्षण-संशोधनासाठी मोफत मिळणारं सॉफ्टवेअर घ्या आणि तिची एकच पायरी गणिताने काढा. कुठला निकाल आला तर आपला मार्ग चुकीचा ठरेल, हे आधी कागदावर लिहा. धातू पॅलेडियम किंवा रुथेनियम असेल तर थेट लिगंडपासून सुरुवात करता येईल. लोह किंवा कोबाल्ट असेल तर आधी स्पिन अवस्था (किती इलेक्ट्रॉन जोडीविना आहेत) ठरवावी लागेल आणि तिथे वेगवेगळी फंक्शनल्स (बी3एलवायपीसारखी गणिताची सूत्रं) वेगळी उत्तरं देतात: हार्ट्री-फॉक एक्स्चेंज हा घटक नसलेली शुद्ध फंक्शनल्स लो-स्पिनकडे (कमी सुट्या इलेक्ट्रॉनांकडे) झुकतात, हार्ट्री-फॉक एक्स्चेंजचा वाटा वाढवला की कल हाय-स्पिनकडे जातो. बी3एलवायपीत हा वाटा 20 टक्के आहे. तुमचा धातू कोणता ते खाली लिहा, इनपुट कसं बांधायचं ते सांगते.