क्लासचं नंतर, आधी बहिणीचं बोलू

पत्र थोडक्यात असं: 'मी 29 वर्षांचा, बी.एस्सी. अ‍ॅग्री. पाच वर्षं पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करतोय. पूर्व परीक्षा एकदाही निघाली नाही, दरवेळी दहा-बारा मार्कांनी राहते. घरी मात्र "मेन्स थोडक्यात हुकली" असं सांगितलंय. वडील शेतीतून दरमहा नऊ हजार पाठवतात. बहिणीने माझ्यासाठी बी.फार्म. दुसऱ्या वर्षाला सोडलं. आता पॅटर्न बदलला, तर कोणता क्लास लावू? माझी क्षमता मला अजून कळलेली नाही. एसईबीसी प्रवर्गातून वयाच्या 43 पर्यंत वेळ आहे.'

क्लासचं एका वाक्यात संपवतो. 2025 पासून वर्णनात्मक झाली ती मुख्य परीक्षा, म्हणजे मेन्स. तू अडतोस पूर्वला, आणि ती आजही बहुपर्यायीच आहे.

आता बहिणीचं. तिच्यासाठी तू पत्रात एकच ओळ खर्च केलीस. मेन्स थोडक्यात हुकलेल्या भावासाठी तिने कॉलेज सोडलं. असा भाऊ तिला आहे कुठे? खरं माहीत असतं तर तिने कदाचित तरीही सोडलं असतं, पण मग तो तिचा निर्णय असता. तू तिला ठरवायची संधीच दिली नाहीस. मला तुझ्या मार्कांपेक्षा हे जास्त खुपलं.

'क्षमता कळली नाही' हे मी मान्य करत नाही. कळली होती म्हणून तर घरी खोटं सांगावं लागलं. एकट्याच्या पैशावर राहणाऱ्याने स्वतःकडे काणाडोळा केला तर त्याचं तो बघेल. तुझ्या न बघण्याचा हप्ता मात्र दुसरी दोन माणसं भरतायत.

आणि ते 43. अभ्यासिकेत हा आकडा सगळे मोठ्या दिलाशाने सांगतात. अरे, ती लोकसेवा आयोगाची अर्ज घेण्याची मर्यादा आहे. वडिलांच्या कमरेने कुठवर नांगरायचं, हे आयोग ठरवत नाही. शिवाय दुसऱ्या दारांवरच्या अटी वेगळ्या: बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या कृषी अधिकारी पदाला सर्वसाधारण वयोमर्यादा 30 ची आहे. तुझ्या पदवीची ती परीक्षा तू पाच वर्षांत एकदा तरी दिलीस का? यंदा दे. नोकरी करत राज्यसेवाही देता येते. मग खुशाल 43 पर्यंत दे.

एक गंमत बघ, कडूच आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने एसईबीसी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली. चालू घडामोडींत तू हे नक्की पाठ केलं असशील. बहिणीसाठी एकदा कॉलेजात जाऊन विचारलंस?

या रविवारी गावी जा. पाचही निकाल सोबत ने. आधी बहिणीला दाखव, मग वडिलांना. ती चिडली तर मध्ये बोलू नकोस. सोमवारी तिला घेऊन तिच्या कॉलेजात जा: खंडानंतर पुन्हा प्रवेश मिळतो का, फीमाफी तिला लागू होते का, विचारून ये.

पुढचं पत्र तिला लिहू दे. तिला आधी उत्तर देईन.